कुंकवाच्या डबीतला वाटा

शांती नगर, मीरा रोड (पूर्व)
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय संचिता,

सप्रेम जयभीम. आम्ही इकडे बरे आहोत, मस्कतचं ऊन आता जरा उतरलं असेल.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण फोनवर मी ऐन वेळी विषय बदलते हे तुला चांगलं माहीत आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं पुसता येतं. तू माझ्या हाताखाली ड्रेसिंग शिकायला आलीस तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुला एक नियम सांगितला होता. नोंद चुकली तर गिरवायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. तू म्हणाली होतीस, "सिस्टर, मग चूक दिसतच राहणार की." दिसत राहावी म्हणूनच तो नियम आहे. हे पत्रही मी त्याच नियमाने लिहितेय, कच्चं न करता थेट पेनाने.

आधी बातम्या. साक्षीला ठाण्याच्या एका शाळेत नोकरी लागली. मुलांपेक्षा त्यांचे आईबाप जास्त रडवतात असं ती म्हणते. ज्ञानदेवांचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय, पण बायको नर्स असताना डॉक्टरकडे कशाला जायचं, हे त्यांचं मत कायम आहे. बिल्डिंगची लिफ्ट एकदाची बदलली. नवीन लिफ्टही बंद पडते, फक्त आवाज न करता.

आता तुझा प्रश्न. तू तो मला तीनदा विचारलास. "आईचा पाय बरा झाला ना, मग ती मासळी घेऊन बाजारात का जात नाही? फोनवर नुसती हं हं करते. तुम्ही तिला बघता, तुम्हीच सांगा." पहिल्यांदा मी तुला हात जोडल्याचं चित्र पाठवलं, दुसऱ्यांदा 'निवांत बोलू' लिहिलं, तिसऱ्यांदा काहीच नाही.

तर उत्तर असं. तुझी आई एप्रिलपासून पाटी घेऊन बाहेर पडलेली नाही. पाय ठणठणीत आहे, जखमेच्या जागी नाण्याएवढा पांढुरका डाग राहिलाय. ती घरात बसून असते, कारण सुलूआत्याचा पाय आपल्यामुळे गेला असं तिने मनात पक्कं धरलंय. आपण नणंदेला औषध अर्धंच दिलं, सगळं दिलं असतं तर ती आज दोन पायांवर चालली असती, असं तिला वाटतं. मला एकदाच म्हणाली, "मी माजा पाय वाचवला नि तिला अर्ध्यावर ठेवली." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

तिचं हे म्हणणं खरं नाही. ते खरं नाही हे दाखवणारा कागद गेल्या महिन्यापासून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पण तो तिच्यापुढे ठेवायचा तर सोबत आणखी एक गोष्ट सांगावी लागते, म्हणून तो अजून ड्रॉवरमध्येच आहे.

क्रमाने सांगते. गेल्या नोव्हेंबरात जेट्टीवर तुझ्या आईच्या तळपायात गंजका खिळा शिरला. साखर वाढलेली, त्यात आठ दिवस हळद भरून तीच पाटी, तेच चालणं. माझ्याकडे आली तेव्हा जखमेत पू होता आणि तपासणीत जे जंतू निघाले त्यांच्यावर नेहमीच्या चार औषधांतली दोन चालत नव्हती. त्याच सुमारास आमच्या हॉस्पिटलात चिघळलेल्या जखमांच्या नव्या औषधाची चाचणी सुरू झाली होती. पेप्टाइड म्हणतात त्याला, प्रथिनाचा अगदी बारीक तुकडा. बेडकाच्या कातडीत असे तुकडे सापडतात, आपल्या घामातही असतात. ते जंतूंच्या आवरणाला भोकं पाडतात, त्यामुळे औषधांना न जुमानणारे जंतूही मरतील अशी आशा आहे. प्रयोगशाळेत मरतात. माणसाच्या पायात मरतात का, ते बघायला ती चाचणी होती. तू तिकडून फोन करून म्हणालीस, "सिस्टर, आईला त्यात घ्या, प्लीज." मी घेतलं.

चाचणीचा नियम तुला माहीत आहे, तरी लिहिते. निम्म्या लोकांना औषधाचं जेल, निम्म्यांना नुसतं जेल. ट्यूब सारखी, रंग सारखा, वासही सारखा. कुणाच्या ट्यूबमध्ये काय आहे हे पेशंटला माहीत नसतं, मला नाही, डॉक्टरांनाही नाही. जखम साफ करणं, अँटिबायोटिकच्या गोळ्या, साखरेवर नजर हे मात्र सगळ्यांना सारखंच. तुझ्या आईला मी हे समजावून सांगितलं. अंगठा नको, सहीच करते म्हणाली, आणि सही करता करता विचारलं, "म्हंजे लॉटरी हाय?" मी हो म्हटलं. "मंग मला चांगलीच लागंल," म्हणाली. तिचा नंबर शून्य अकरा.

त्याच दिवशी सुलूआत्याही सोबत आली होती. तिच्या उजव्या पायाची करंगळी काळी पडायला लागली होती. डॉक्टरांनी तिच्या पावलावर बोटं ठेवली, मग यंत्र लावलं. पायाला रक्तच पोचत नव्हतं. अशा पेशंटला चाचणीत घेत नाहीत. नळाला पाणी नसताना साबण चोळून काय होणार. डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली, नस उघडायची सोय तिथे होती. नऊ जानेवारीची तारीखही मिळाली. सुलूआत्या बाहेर आली आणि म्हणाली, "गिरिजाला औषद नि मला चिठ्ठी?"

आणि मग तुझ्या आईने तेच केलं जे ती जन्मभर करत आलीये. तुमचं अंगण एक आणि घरं दोन. एका घरात आलेली वस्तू दुसऱ्या घरात अर्धी गेल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. तुझे वडील गेल्यावर तर हे आणखी वाढलं. तापाच्या गोळ्यांची पट्टीसुद्धा तुमच्याकडे मधून कापलेली मी बघितलीये. तसाच तिने ट्यूबचा वाटा केला. दर सोमवारी नवीन ट्यूब मिळाली की अर्धी पिळून सुलूआत्याच्या स्टीलच्या कुंकवाच्या डबीत. गंमत म्हणजे आम्ही दर आठवड्याला परत आलेली ट्यूब वजन करतो, आणि तुझ्या आईची ट्यूब नेहमी अगदी बरोबर तेवढीच रिकामी असायची. मी शेऱ्यात 'उत्तम सहकार्य' असं लिहायचे. मला ते नंतर कळलं.

सुलूआत्या नऊ तारखेला मुंबईला गेली नाही. घरात नवं औषध असताना कशाला जायचं, असं तिला वाटलं. एप्रिलमध्ये ताप भरून ती आमच्याकडे आली तेव्हा काळेपणा पोटरीपर्यंत चढला होता. पाय गुडघ्याखाली काढला. तुला तेव्हा फोनवर 'शुगरमुळे' असं सांगितलं गेलं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

आज इथे थांबते. खाली भाजीवाला हाका मारतोय आणि ज्ञानदेव त्याच्याशी हिंदीत घासाघीस करतायत. मध्ये पडले नाही तर कोथिंबीर राहील.

बुधवार, १५ ऑक्टोबर

संचिता, पत्र अजून पोस्टात टाकलेलं नाही. बरं झालं.

मागच्या पानावर 'मला ते नंतर कळलं' असं लिहिलंय. त्यावर आता एक रेघ मारलीये. खालचं तुला वाचता येईल. बाजूला सही केलीये, तारीख घातलीये. दुरुस्ती अशी की मला ते त्याच वेळी कळलं होतं.

पाचव्या आठवड्यात मी तुमच्या गावी, तारोडीला, घरी भेट द्यायला आले होते, सहा जानेवारीला. नियमच आहे तसा, एकदा घरी जाऊन औषध कसं ठेवतात ते बघायचं. बोंबील सुकवायच्या बांबूंखालून वाकून तुमच्या अंगणात आले, तर सुलूआत्या पायरीवर बसली होती. पाय पाटावर, हातात कुंकवाची डबी, आणि बोटावर आमचं जेल. ते जेल मी कुठेही ओळखलं असतं. तुझी आई दारात उभी होती. तिने काही लपवलं नाही. तिला वाटलंच नाही की यात लपवण्यासारखं काही आहे. मला विचारलं, "काय गो बाय, सुलूला लावला तं चालंल नं?"

त्या वेळी माझ्या डोक्यात काय आलं ते जसं आलं तसं लिहिते. हे कळवलं तर तुझी आई चाचणीतून बाद. तिची जखम छान भरत होती, आणि तुला मी शब्द दिला होता. आमच्या हॉस्पिटलातल्या चाचणी-केंद्रातले चार पेशंट आधीच गळले होते. आणखी गळले तर केंद्र बंद होणार होतं, आणि चाचणीतलं माझं काम जाणार होतं. आणि हेही आलं की औषध चांगलं असेल तर लागू दे की सुलूआत्याच्याही पायाला थोडं. हा शेवटचा विचार मला तेव्हा चांगुलपणाचा वाटला. तिच्या पायाचा आजार जंतूंचा नाही, रक्त न पोचण्याचा आहे, हे तिथे उभ्या असलेल्या तिघींमध्ये फक्त मला माहीत होतं.

मी तुझ्या आईला म्हटलं, "मी काही बघितलं नाही. आणि तुम्हीही कुणाला सांगू नका, संचितालासुद्धा नाही." तुझी आई खूश झाली. तिला ते हो वाटलं. मीही तिला ते हो वाटू दिलं.

सुलूआत्याला मी विचारलं, नऊ तारखेला जाताय ना मुंबईला? ती म्हणाली, "आता कशाला जाव? वास कमी झाला हाय." मी काय म्हणाले ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "बघा, जमलं तर जाऊन या." जमलं तर! एवढी वर्षं लोकांना दरडावून ड्रेसिंगला बोलावणारी बाई मी. पट्टी भिजवली म्हणून तुझ्या देखत एका पोलिसाला झापलं होतं. त्या दिवशी माझ्याच्याने आवाज चढवला गेला नाही, कारण आवाज चढवला असता तर ती डबी मी पाहिली हे कबूल करावं लागलं असतं. काणाडोळा केला की माणूस मवाळ बोलायला लागतो. स्वतःवरून सांगतेय.

हॉस्पिटलात परत येऊन फॉर्म भरला. त्यात एक प्रश्न असतो, हे औषध घरातलं आणखी कुणी वापरतं का? पुढे दोन चौकोन. 'नाही'च्या चौकोनात माझ्या हातची बरोबरची खूण आहे.

तुझ्या आईने मला दिलेला शब्द पाळला. सुलूआत्याचा पाय काढला त्या दिवशीही ती बाकावर माझ्या शेजारी बसून होती आणि एका शब्दाने काही बोलली नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, मी अडचणीत येईन म्हणून. तू तिला फोनवर विचारतेस आणि ती हं हं करते ना, त्यातलं निम्मं तिच्या दुःखाचं असेल. निम्मं मला झाकण्यासाठी आहे. मला याची लाज वाटते, संचिता. इतके दिवस मला याची भीती वाटते असं मी समजत होते. तसं नाही, लाजच आहे ही.

आता तो कागद. चाचणी संपली, सप्टेंबरात आमच्या केंद्राची यादी उघडली. कुणाच्या ट्यूबमध्ये काय होतं त्याची यादी. शून्य अकरासमोर लिहिलंय, नुसतं जेल.

तुझ्या आईच्या ट्यूबमध्ये औषध नव्हतं. पाणी आणि ते घट्ट करायची पावडर. तिचा पाय दर आठवड्याच्या सफाईने, गोळ्यांनी आणि तिने पहिल्यांदाच तीन महिने घरी बसून पायावर भार न दिल्याने भरला. सुलूआत्याला तिने अर्धं दिलं असतं, सगळं दिलं असतं, बारा ट्यूबी दिल्या असत्या, तरी फरक शून्य होता. औषध स्वतः चांगलं आहे की नाही, हे मला आजही माहीत नाही. बाकी गावांचे आकडे यायचेत. औषध गुणकारी ठरलं तर चांगलंच आहे, लोकांना हवंय ते. पण सुलूआत्याचा पाय औषध कमी पडल्याने गेला नाही. तिला मुंबईला जा असं धड कुणी सांगितलं नाही म्हणून गेला. ते सांगायचं काम माझं होतं.

काल दुपारी तो जुना फॉर्म काढला. 'नाही'वर एक रेघ, पुढे 'होय', सही, तारीख. सोबत डॉक्टरांना लेखी निवेदन दिलं. ते म्हणाले, "पंचशीलाबाई, हे आता वर पाठवावं लागेल." मी म्हटलं, पाठवा. पुढच्या चाचणीत मी असणार नाही, बहुधा वॉर्डातही नाही. साक्षीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, आता कशाला? संपलं होतं ना सगळं?" मग मी तिला तुझ्या आईबद्दल सांगितलं.

रविवारी तारोडीला जातेय. तोवर पाकीट उघडंच ठेवते.

रविवार, १९ ऑक्टोबर

जाऊन आले.

भाईंदरहून बस, नेहमीची. तुमच्या अंगणात दोघी होत्या. तुझी आई बोंबील वाळत घालत होती, पण घरच्यापुरतेच, दोनच बांबू. सुलूआत्या खुर्चीवर, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. तिने ओरडून चहा टाकायला सांगितला. मी म्हटलं, चहा नको, आधी ऐका.

उभ्यानेच सांगितलं. ट्यूबमध्ये काय होतं ते आधी, मग सहा जानेवारीचं. सुलूआत्याकडे बघून सांगितलं की मला माहीत होतं, त्या जेलने तुमच्या पायाला काही होणार नव्हतं. मुंबईला गेला असता तर पाय कदाचित वाचला असता, नक्की वाचला असता असं मी म्हणणार नाही, पण मी तुम्हाला जा असं ठणकावून सांगायला हवं होतं आणि मी सांगितलं नाही.

सुलूआत्याने विचारलं, "मंग त्या डबीत व्हता काय?"

"पाणी. घट्ट केलेलं पाणी."

ती हसायला लागली. खरंच हसली, पदर तोंडाला लावून. "तीन म्हयने मी पानी चोललंय पायाला. गिरिजा, ऐकलास का?" मग हसता हसता तिचा आवाज मोडला आणि तिने तोंड दुसरीकडे फिरवलं.

तुझी आई हातातला बोंबील तसाच धरून उभी होती. तिला सगळं कळायला थोडा वेळ लागला. मग हळूच म्हणाली, "म्हंजे माजा वाटा कमी परला न्हाय."

"नाही. तुमचा वाटा कमी पडला नाही, गिरिजाताई."

ती खाली बसली. तिथेच, मातीत. रडली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवले. तिच्या खांद्यांकडे बघून मला कळलं की एप्रिलपासून तिने काय उचलून धरलं होतं, आणि मी ते महिनाभर आधी उतरवू शकत होते. मी तिच्या शेजारी बसायला वाकले, तर तिने मान हलवली. नको, अशी. मग उठली, सुलूआत्याजवळ गेली, तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि मला म्हणाली, "तू आता जा, बाय. गाडी चुकंल."

गाडीला अजून अर्धा तास होता. मी निघाले.

तुला आठवतं, तुमच्या घरून मी कधी रिकाम्या हाताने आले नाही. पहिल्यांदा आले तेव्हा ओळख ना पाळख, तरी पिशवीत बोंबलांचा वाटा घातला होता. सुलूआत्याचा पाय काढला त्या आठवड्यातसुद्धा तुझ्या आईने कागदात गुंडाळून सुका जवळा पाठवला होता. आज बांबूखालून वाकून बाहेर पडले, दहा पावलं गेले, आणि सवयीने थांबले. मागून हाक आली नाही. मागे वळून बघितलं तर दोघी आत गेल्या होत्या.

योग्यच आहे ते. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, घडी केलेली. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. तरी एक नोंद करते, कारण नोंद करणं तेवढं मला येतं. मागे वळून बघितलं तेव्हा ओट्यावर तुझ्या आईची मासळीची पाटी धुऊन उपडी घातलेली होती. मी अंगणात आले तेव्हा ती तिथे नव्हती. मी बोलत असताना तिला कुणी हात लावला नव्हता, म्हणजे मी अंगणाबाहेर चप्पल शोधत होते तेवढ्यात तुझ्या आईने ती धुतली. उद्या ती बाजारात बसली की नाही हे मला कळणार नाही. तू फोन कर आणि विचार. आता ती तुझ्याशी बोलेल. झाकायला काही उरलेलं नाही.

माझ्याशी बोलायचं की नाही ते तुझं तू ठरव. घाई नाही.

दरवेळी इथे 'तुझी ताई' लिहायचे. या वेळी सवयीने लिहून गेले होते, ते खाली दिसेल. रेघ मारलीये. वाचता येतंय. तो शब्द परत लिहायचा असेल तर तूच लिही.

पंचशीला
(सही) १९/१०/२०२५